जपानी मामा, उजवीकडून

चौबे कॉलोनी, रायपूर
२४ नोव्हेंबर २०१३

निरू,

'प्रिय' लिहिलं नाही, ते पाहून घे. राग अजून तसाच आहे आणि खोटं लिहायची मले सवय नाही. बाबांच्या तेराव्याले अंगणात उभा राहून, सगळ्या नातेवाइकांसमोर तू म्हटलं, "ताईनं आईले या घरात कोंडून ठेवलं आहे." आणि बॅग उचलून चालता झाला. दोन वर्षं होऊन गेली त्याले. नंबर बदलला, ई-मेल परत येतो. उरला तुझ्या पुण्याच्या हापिसाचा पत्ता, तिथला फोन नंबरही नाही, म्हणून पत्र. चाळिशी गाठलेल्या बहिणीले कागद खरडायला लावतो, लाज वाटू दे जराशी.

तरी आज लिहून राहिली, काहून की तू सुशीलले पाठवलंस.

मागच्या रविवारी बेल वाजली. दारात एक माणूस, हातात एकच बॅग, मान अशी वाकवलेली की पहिले टाळूच दिसली. म्हणाला, मी निरंजनचा मित्र, हॉस्टेलमध्ये सोबत होतो, नव्या रायपूरच्या बांधकामावर नोकरी लागली आहे, खोली मिळेपर्यंत थोडे दिवस राहू देता का? राजधानी झाल्यापासून या गावात खोली मिळणं म्हणजे देव भेटल्यासारखं झालं आहे, ते तुले माहीत नसेल. पण मी काही धर्मशाळा उघडून बसली नाही. दारातूनच वाटेले लावणार होती. तेवढ्यात तो म्हणाला, "ताई, जपानी मामाची गोष्ट तुमचीच नं? निरंजन रात्र रात्र सांगायचा."

मग काय बोलू? दार उघडलं.

तू बाहेरच्या माणसाले ती गोष्ट सांगतली, यावर खरं तर मी रुसायला पायजे. पण मले बरं वाटलं. म्हटलं, पोट्ट्याले स्वतः यायची लाज वाटली, म्हणून माणूस पाठवला. तुझा स्वभाव मले माहीत आहे.

पुस्तक अजून आहे माझ्याजवळ. बाबांले वॉल्टेयर पॅसेंजरमध्ये सापडलेलं, कोण्या जपानी साहेबानं बैलाडिल्याच्या लोखंडाच्या खाणीवरून येताना बर्थवर विसरलेलं. एक अक्षर वाचता येत नव्हतं, नुसती चित्रं. पहिल्या पानावर मोठ्या घरात एकटा माणूस, टेबलावर एकच कप. तू रडायला यायचास, "ताई, मामाले कोणीच नाही." मग पानं उलटत जायची आणि एक पोरगी यायची, कप दोन. मग तिचा बाप, कप तीन. मग आजी, कप चार. मामा त्यांले एकेक किल्ली देत जायचा. शेवटच्या पानावर बॅग घेऊन, दारात वाकून नमस्कार करून निघून जायचा. घर भरून देणारा मामा. किती वेळा वाचलं असेल आपण!

कपांवरून आठवलं. बाबांची ती रेल्वेच्या नोकरीतली खोड अजून चालू आहे या घरात. ज्याचा त्याचा कप, बुडाले सायकलच्या रंगाचा ठिपका. आईचा हिरवा, माझा लाल, शेजारच्या नरहरकाकांचा पिवळा, फुलेश्वरीचा काळा. ती अजूनही येते भांड्याले, भनपुरीहून. आई तर दुसऱ्या कपाले तोंड लावत नाही. मागं नागपूरले लग्नाले गेलो, तर तिनं कप रुमालात बांधून पर्समध्ये घातला. तुझा निळा कप कपाटात पडून होता, तो सुशीलले दिला. आई म्हणाली, निरूच्या माणसाले निरूचाच कप.

माणूस गुणी आहे. काही उचलायला गेलं की म्हणतो, "तुम्ही बसा ताई, मी करतो." हे पत्रही तोच टाकून येतो म्हणाला.

उत्तर पाठव. आईसाठी तरी.

शर्मिष्ठाताई

*

चौबे कॉलोनी, रायपूर
१५ डिसेंबर २०१३

निरू,

उत्तर नाही. ठीक आहे. तोंडात मूग धरून बस.

पण आज भांडायचं आहे ते दुसऱ्याच गोष्टीवरून. आपल्या जपानी मामावर सिनेमा निघाला आहे, हे तुले माहीत होतं का? सुशीलनं पेन ड्राइव्हमध्ये आणला. काल दुपारी जेवणं झाल्यावर हॉलमध्ये लॅपटॉप ठेवला, आईले मधल्या खुर्चीवर बसवलं, पडदे ओढले. खाली इंग्रजी अक्षरं येत होती, ती तो आईले मराठीत सांगत होता.

बाप्पा रे, काय सत्यानाश केला आहे आपल्या गोष्टीचा!

पहिले तर मामा सुरुवातीलेच दारात येतो. बॅग घेऊन, वाकून. मी म्हटलं, अरे हे तर शेवटचं पान! मग घरात आजी, बाप, पोरगी सगळे आधीच बसलेले. मामा त्यांच्याकडून एकेक किल्ली घेत जातो. आणि मग माणसं कमी होतात. आजी जाते, बाप जातो. आपण वाचलं त्याच्या बरोब्बर उलटं. वरून ते संगीत! मामानं कपाटाले हात लावला की पिपाणी, जिन्यावर पाय ठेवला की ढोल. अरे, माणसाले भ्यायचं कधी हेही तुम्हीच सांगणार का? मामा म्हणून घेतला आहे एक देखणा नट, पहिल्या फ्रेमपासून डोळे बारीक करून पाहून राहिला. असा माणूस दारात आला तर कोण घरात घेईल? मी तर झाडू घेऊन धावली असती.

आणि माणसं कुठं जातात तेही दाखवलं. फरशीखाली तळघर, साखळ्या, सगळं. मामा असा काहून झाला तेही दाखवलं. लहानपणी त्याचं घर जळालं म्हणे. शेवटी पोरगी त्याच्या डोक्यावर किटली घालते, पोलीस येतात, जीप, लाल दिवे, खेळ खलास. पोलिसवाला तिले कपभर चहा देतो.

आईले सिनेमा आवडला. मधेमधे विचारायची, "हा काय म्हणून राहिला?" सुशील सांगायचा, "म्हणतो, तुम्ही बसा, मी करतो." मी खालची अक्षरं वाचत होती. तिथं तसं काही लिहिलेलं नव्हतं दर वेळेस.

नंतर मी चिडून म्हटलं की पुस्तकाचा पार खेळखंडोबा केला. सुशील हसला. म्हणाला, "ताई, फक्त शेवट खोटा आहे. बाकी बरोबर आहे."

फुलेश्वरी येणं बंद झाली आहे, दहाएक दिवस झाले. न सांगता, न सवरता. चौदा वर्षांच्या ओळखीले असं करतात का? भांडी सुशील घासतो. मी नको म्हणते, तो ऐकत नाही. माझा मोबाइल मोरीत पडला, तोही त्यानंच पंडरी बाजाराकडे ओळखीच्या दुकानात दिला. मेला अजून दुरुस्त होऊन आला नाही.

तुझा नवा नंबर मी त्याले मागितला. म्हणाला, "निरंजननं मना केलं आहे, ताई. मी शब्द दिला." बरं आहे बाबा. परक्याले नंबर, बहिणीले शब्द.

शर्मिष्ठाताई

*

चौबे कॉलोनी, रायपूर
२९ डिसेंबर २०१३

निरू,

आज ओरडत नाही. नीट वाच.

तो सिनेमा डोक्यातून जाईना, म्हणून पुस्तक काढलं. मनात हेच की सुशीलले दाखवीन, हे बघ, तुझा सिनेमा किती खोटा. हापिसात एक नवीन पोट्टी आली आहे, दीक्षा, भिलाईची. तिले ही जपानी पुस्तकं वाचायचा नाद आहे. परवा तिले दाखवायला नेलं. तिनं पुस्तक हातात घेतलं, फिरवलं आणि मागून उघडलं. मी म्हटलं, "अगं, उलटं धरलं." ती हिंदीत म्हणाली, "नहीं मैम, ये राइट से पढ़ते हैं. आपका लास्ट पेज, इसका फर्स्ट पेज है."

निरू, आपण आयुष्यभर ते पुस्तक उलटं वाचलं.

मी घरी येऊन उजवीकडून वाचलं. पान तेच, चित्र तेच. दारात बॅग घेऊन वाकलेला माणूस येऊन राहिला की जाऊन राहिला, हे चित्रावरून कळतच नाही रे. किल्ली देणारा हात आणि घेणारा हात सारखेच दिसतात. उजवीकडून वाचलं की मामा येतो, घरात चार कप होतात. मग तीन. मग दोन. मग एक. ज्या पानावर तू रडायचास, ते शेवटचं पान. दार वाजलं आहे, उंबऱ्याबाहेर कोणाची तरी सावली आहे, आणि मामा दार उघडायला उठून राहिला. मागं टेबलावर त्याचा एकट्याचा कप.

म्हणजे सिनेमावाल्यांनी सुरुवात बरोबर घेतली होती, चूक आपली होती. पण तरी सिनेमा खोटाच, आणि सुशील म्हणाला त्याहून जास्त खोटा. पुस्तकात तळघर नाही. साखळी नाही. आजी कुठं गेली ते दाखवतच नाहीत; पुढच्या पानावर ती फक्त नसते, आणि बाकीचे चहा पिऊन राहिले. मामाचा चेहरा एकदाही पूर्ण काढलेला नाही, प्रत्येक वेळेस कपाची वाफ आड येते. त्याचं घर जळालं, त्याले कोणी मारलं, असं काही नाही. आणि सगळ्यात मोठा फरक म्हणजे पुस्तकातला मामा शेवटच्या पानापर्यंत चांगलाच वागतो. एकदाही आवाज चढवत नाही. आजीचे पाय चेपतो. बापाचे बूट पुसतो. कोणाले संशय यावा असं एक चित्र नाही त्यात. किटली कोणाच्या डोक्यात घालणार, आणि कायले?

रात्री मी ते पुन्हा एकदा वाचलं, उजवीकडून.

आता तू हसशील. हस. पण घरात काय चाललं आहे ते सांगते, मग हस. नरहरकाका येत नाहीत आता. रोज सकाळी पेपर वाचायला आणि चहाले यायचे, बाबा गेल्यापासून एक दिवस चुकवला नाही. आठवडा झाला, फाटकापाशी दिसले तर मान फिरवून गेले. घराच्या किल्ल्या सुशीलजवळ असतात, काहून की आई विसरते आणि मी दिवसभर हापिसात. आमचं मंत्रालय नव्या रायपूरले गेल्यापासून सकाळची बस धरा, संध्याकाळी अंधारात या. दार सुशीलच उघडतो, कामावर कधी जातो देव जाणे. माझ्या स्वतःच्या घरी बेल वाजवून येते मी.

आई खूश आहे. तो तिचे पाय चेपतो.

मी त्याले सहज विचारलं, "तुम्ही पुस्तक उजवीकडून वाचलं आहे का?" तो कप पुसत होता. म्हणाला, "मी दुसरीकडून कधी वाचलंच नाही, ताई. निरंजननं सांगितलं तेव्हा मले खूप हसू आलं होतं."

मले एकच गोष्ट कळव. हा माणूस तू पाठवला आहेस नं? त्यानं सांगितलं आणि मी मानलं. मले मानायचं होतं, तुझ्याकडून काहीतरी आलं असं.

ताई

*

चौबे कॉलोनी, रायपूर
१९ जानेवारी २०१४

प्रिय निरंजन,

तुला अनेक आशीर्वाद. आई तुझ्याकडे सुखरूप पोहोचली असेल. सुशीलजी तिला पुण्याला सोडून गुरुवारी परत आले. तू आजारी होतास आणि तुला आईची आठवण येत होती हे त्यांच्याकडून कळले. आता तुझी तब्येत सुधारली आहे हे ऐकून बरे वाटले. आईला तिथे करमते आहे, असेही ते म्हणाले.

मी मागच्या पत्रात सिनेमाबद्दल बरेच वेडेवाकडे लिहिले होते. आता विचार केल्यावर वाटते, सिनेमाच चांगला आहे. पुस्तक जुने आहे, त्याला फारसा अर्थ नाही. तू पुस्तक विसरून जा. सिनेमाचा शेवट मला फार आवडला. पुन्हा पुन्हा पाहावासा वाटतो.

सुशीलजी इथेच समोर बसले आहेत आणि तुला नमस्कार सांगत आहेत. आम्ही दोघे चहा घेत आहोत. येण्याची घाई करू नकोस.

तुझी बहीण,
शर्मिष्ठा

*

जयस्तंभ चौकातलं मोठं पोस्ट, रायपूर
२८ जानेवारी २०१४

निरू,

या पाकिटात पाच पत्रं आहेत. चार चुरगळलेली, हे पाचवं. ती चार तुले आधी मिळाली नाहीत, हे मले परवा कळलं; पाकीट चिकटवलं म्हणजे झालं, असं समजून टाकायला त्याच्याच हाती देत होती मी. क्रमानं लाव आणि वाच, मग हे वाच.

चौथ्या पत्रात 'प्रिय' लिहिलं, ते वाचूनच तुले समजलं असेल. मले, तुले सोडून मला, तुला लिहिलं, जन्मात पहिल्यांदा. तो समोर बसून होता आणि माझं लिहून झाल्यावर त्यानं वाचायला मागितलं. तोंडानं नाही मागितलं. हात पुढं केला, कप मागतात तसा.

आईचं सांगते. मकर संक्रांतीच्या आधी तो म्हणाला, निरंजन आजारी आहे, आईले पाठवा म्हणतो. आई तर नाचायलाच लागली रे. दोन वर्षांनी पोट्ट्यानं बोलावलं! स्वतःची बॅग स्वतः भरली, तुझ्यासाठी तीळवड्या केल्या. गाडी संध्याकाळची आहे, तुम्ही हापिसातून सरळ स्टेशनवर या, असं तो मले म्हणाला. मी गेली. प्लॅटफॉर्मवर कोणीच नाही. घरी आली तर कुलूप. शेजारची पोरं म्हणाली, सकाळीच ऑटोत बसून गेले. तीन दिवसांनी तो एकटा आला. म्हणाला, "तिकीट सकाळचं निघालं, ताई. तुमचा मोबाइल नव्हता, कळवणार कसं?" तुमचा मोबाइल नव्हता! पाहून राहिला नं?

परवा, सव्वीस जानेवारीले, हापिसले सुट्टी होती. तो झेंड्याले गेला होता, कॉलोनीत सगळ्यांनी त्याले बोलावलं होतं, सगळ्यांचा लाडका आहे तो. मले थंडी वाजत होती, म्हणून आईची जुनी रजई काढायला मोरीवरच्या माळ्यावर चढली. बाबांच्या घंगाळामागं एक खोकं होतं.

त्यात तीन कप. प्रत्येक कप कागदात गुंडाळलेला, नीट, कोपरे दुमडून, जसं दुकानदार काचेचं सामान बांधतो. काळ्या ठिपक्याचा फुलेश्वरीचा कप माझ्या नोव्हेंबरच्या पत्रात. पिवळ्या ठिपक्याचा नरहरकाकांचा कप डिसेंबरच्या पहिल्या पत्रात. आणि आईचा हिरवा कप एकोणतीस तारखेच्या पत्रात, ज्यात मी तुले विचारलं होतं, हा माणूस तू पाठवला आहेस नं.

चौथं पत्रही होतं. त्याच्या घड्या घालून ठेवल्या होत्या, कोपरे दुमडून, कपाच्या आकाराच्या. आत काही नव्हतं.

लाल कप खाली ओट्यावर होता. माझा.

मी तिथंच माळ्यावर बसली, कप मांडीवर घेऊन. पण मले सगळ्यात जास्त भ्या त्या रिकाम्या कागदाचं वाटलं नाही. आईच्या कपाचं वाटलं. आई कपाशिवाय कुठं जात नाही, निरू. नागपूरले एका रात्रीसाठी गेली नाही. तुझ्याकडं महिनाभरासाठी जाईल आणि कप विसरेल? का तिले बॅगेतून काढून ठेवावा लागला? का तिच्या बॅगेतून कोणी काढला? मी हाच विचार करून राहिली दोन दिवस आणि माझं डोकं चालेना.

काल पोलीस ठाण्यात गेली. तक्रारी लिहून घेणाऱ्या मुन्शीजींनी ऐकून घेतलं. म्हणाले, "मैडम, कप पैक करना कोई जुर्म है क्या? माताजी बेटे के पास गई हैं, तो पहले बेटे से तो पूछ लो." बरोबरच आहे. सिनेमातल्यासारखी जीप येत नाही इथं. आधी बेट्याले विचारा म्हणतात.

तिथून भनपुरीले गेली, फुलेश्वरीच्या पाऱ्यात, तिच्या वस्तीत. मले पाहून तिनं दार लावायला घेतलं. मी पाय घातला मधे. रडायलाच लागली. "भैया ह कहिस, दीदी मना करे हे, अब झन आबे. मोला चोरहिन कहे हे." सुशीलनं तिले सांगितलं, दीदीनं मना केलं, आता येऊ नको; मी म्हणे तिले चोर म्हटलं होतं! मी! तिथल्या तिथं तिचा हात धरून ऑटोत बसवली. मग नरहरकाकांकडं. त्यांले सांगितलं होतं की आईले परक्या माणसानं रोज घरी येणं आवडत नाही, लोक बोलतात. म्हातारा माणूस, शरमेनं मरायला टेकला होता. मी म्हटलं, "काका, आत्ता चला. आहे त्या स्वेटरवर चला."

निरू, मी काय केलं ते तुझ्याशिवाय कोणाले समजणार नाही. सिनेमातल्यासारखी किटली मले घालता येत नाही, काहून की त्यानं असं काही केलंच नाही जे मले दाखवता येईल. पुस्तकातल्यासारखं चहा पीत बसवत नाही. तिसरी एकच तऱ्हा उरली, आपली. आपण चुकीच्या बाजूनं वाचत होतो ती. एक कप, मग दोन, मग तीन, मग चार. मी आपल्या बाजूनं पानं उलटायला घेतली.

संध्याकाळी टेबलावर सगळे कप मांडले. लाल, काळा, पिवळा. आईचा हिरवाही मांडला, तिच्या खुर्चीपुढं. फुलेश्वरीनं आपला कप खाली ठेवायला घेतला, मी उचलून टेबलावर ठेवला. चौदा वर्षं जमिनीवर चहा दिला तिले, आता बस झालं. सुशील दारात येऊन उभा राहिला. मले वाटलं चिडेल. देवाशपथ सांगते, मी वाट पाहून राहिली होती त्यानं चिडावं म्हणून, एकदा तरी चेहरा दिसावा म्हणून.

तो म्हणाला, "अरे वा, सगळे आले. तुम्ही बसा, मी करतो."

चहा केला त्यानं. सगळ्यांचे कप भरले, आईचाही काठोकाठ भरला. आम्ही कोणी तोंड लावलं नाही. तो तुझ्या निळ्या कपातून घोट घोट पीत बसला. मी विचारलं, "आई कुठं आहे?" म्हणाला, "पुण्याले, ताई. मीच नाही का सोडून आलो?" आवाज तोच, मऊ. काका माझ्याकडं पाहत होते. हिरव्या कपावर साय धरली, तरी कोणी उठलं नाही.

फुलेश्वरी आता माझ्या खोलीत झोपते, दाराले खाट लावून. काका म्हणतात, घर सोडून माझ्याकडं चल. मी जाणार नाही. मी निघाली तर त्या घरात एकच कप उरेल, आणि आई जर कुठून परत आली, तर दार तोच उघडेल.

आता ऐक. आई तुझ्याकडं असेल, तर हे पत्र हातात पडताच माझ्या हापिसातल्या नंबरवर फोन कर, पाकिटाच्या मागं लिहिला आहे. दीक्षा उचलेल. आईचा आवाज ऐकव, मग मले हवं तेवढं बोल, येडी म्हण, सगळ्या कॉलोनीत माझी फजिती कर. मी जपानी पुस्तकाच्या नादानं एका भल्या माणसावर आळ घेतला म्हणून त्याच्या पाया पडेन. अशी फजिती व्हावी म्हणून मी काल मारोतीले नारळ बोलली आहे.

आणि आई तुझ्याकडं नसेल, तर फोन करू नको, पत्र लिहू नको. कागद त्याच्याच हाती पडतात. सरळ गाडीत बस. बाबांच्या तेराव्याचं भांडण आपण नंतर भांडू, जन्मभर भांडू, मले काही घाई नाही.

फाटकाशी आलास की बेल वाजवू नको. बेल वाजली की तो उठतो, कोणालेही उठू देत नाही, आणि तसा दार उघडायला उठलेला मामा मी त्या शेवटच्या पानावर पाहिला आहे. तू रस्त्यावरूनच हाक मार. शाळेतून यायचास तेव्हा कोपऱ्यावरून बोंब ठोकायचास नं, "ताईऽऽ, भूक लागली!" सगळा मोहल्ला जागा व्हायचा. तशीच मार. मी दारातच खुर्ची टाकून बसते आहे, आज संध्याकाळपासून.

तुझा निळा कप त्याच्या हातात आहे. तो घ्यायला ये.

ताई